लिंबावरून घेतलेली गाडी

माझं काम सांगायला सोपं आहे. कुणाची तरी गाडी कुठेतरी आपटते, मालक विमा कंपनीकडे भरपाई मागतो आणि कंपनी मला पाठवते. काय मोडलं, कसं मोडलं आणि सांगणारा खरं सांगतोय की थापा मारतोय, हे बघून मी रिपोर्ट द्यायचा. काय मोडलं हे गॅरेजमधला कुणीही सांगेल. माझा जीव अडकतो तो ‘कसं’मध्ये. कंपनीतले साहेब दर महिन्याला सांगतात, अहल्या मॅडम, चार ओळी पुरतात, कादंबरी नको. मी कन्नडमध्ये ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणते आणि पाच पानं देते. बावीस वर्षं हेच चाललंय आणि त्यांनी अजून मला काढलेलं नाही.

दसरा आला की बेंगळुरात आम्हा सर्व्हे करणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. खंडेनवमीला सगळं शहर आपापल्या गाड्या धुतं, त्यांना हार घालतं, पुढे कोहळा फोडतं, चाकांखाली लिंबं ठेवतं आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडतं. मग त्याच कोहळ्यांवरून दुचाक्या घसरतात आणि त्यांचे कागद माझ्याकडे येतात. यंदा मात्र पहिलाच कागद वेगळा आला. स्वतः चालवायची भाड्याची गाडी, घेणारी मॉरिशसची नागरिक, आणि अपघाताची जागा चामराजपेटेतल्या एका घराचं अंगण. परदेशी पाहुणे गाडी ठोकतात ती रिंग रोडवर, नाहीतर उलट्या बाजूने येणाऱ्या रिक्षाला चुकवताना. अंगणातल्या अंगणात कुणी ठोकलेली मी पाहिली नव्हती. येलहंक्याहून सव्वा तास स्कूटर चालवताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दार रम्याने उघडलं. तिशी ओलांडलेली, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कामाला गेलेला. मी मराठीत बोलले तेव्हा तिला हायसं वाटलं आणि लगेच थोडी धास्तीही वाटली. आमच्यासारखी घरं इथे साडेतीनशे वर्षं आहेत, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, त्यामुळे दोन प्रश्नांत नातं निघतं. तिने माझं माहेर कुठलं ते विचारलंच. नातं निघालं असतं तर मला फाइल परत द्यावी लागली असती, म्हणून मी पाणी मागितलं.

पाणी देता देता तिने सगळं सांगितलं. चंदना तिच्याच कंपनीच्या मॉरिशसच्या ऑफिसात. तीन वर्षं रोज व्हिडिओवर भेट, यंदा दसऱ्याला पाहुणी म्हणून आली. विमानतळाजवळ गाडी भाड्याने घेतली, पाच दिवस व्यवस्थित फिरवली. खंडेनवमीला सकाळी साडेदहाला पूजा झाल्यावर गाडी जरा पुढे घेताना फाटकाच्या दगडी खांबाला धडकली. चालवत चंदना होती. हे सगळं ती न अडखळता, क्रमाने बोलली आणि मला तिथेच खटकलं. खरं सांगणारी माणसं मधे थांबतात, मागे जातात, ‘नाही नाही, त्याच्याआधी फूलवाली आली होती’ असं त्यांना काहीतरी आठवतं. पाठ केलेलं तेवढं सरळ येतं.

चंदना आतून आली. माझ्या खांद्याला लागेल एवढी बुटकी, गंभीर चेहऱ्याची. तिच्या पणजोबांचे वडील कोकणातून उसाच्या मळ्यावर मॉरिशसला गेलेले. तिचं मराठी घरात आणि देवळातल्या वर्गात शिकलेलं, प्रत्येक शब्द निवडून ठेवल्यासारखं.

“गाडी मी चालवत होते,” ती म्हणाली. त्याच्या पुढे काहीच नाही.

कागद तिने टेबलावर आधीच मांडून ठेवले होते. पासपोर्ट, तिच्या देशाचं लायसन, आंतरराष्ट्रीय परवाना, भाड्याचा करार. ती परवान्याची पुस्तिका मला फार आवडते. हा माणूस गाडी चालवू शकतो, ही एवढीशी गोष्ट कितीतरी भाषांत पानोपानी छापलेली असते. गरज नसताना मी सगळी पानं उलटली. नुसत्या पुस्तिकेने भागत नाही, सोबत आपल्या देशाचं चालू लायसन लागतं. पुष्कळ पाहुण्यांना हे ठोकल्यानंतर कळतं. चंदनाचं सगळं चोख होतं.

कराराच्या पाठीमागे पेनने तेवीस प्रश्न लिहिलेले होते. काच फुटली तर? टायर फाटला तर? तमिळनाडूत नेली तर? माकडाने वायपर उपटला तर? प्रत्येकापुढे भाड्याच्या काउंटरवरल्या माणसाने दिलेलं उत्तर. बिचाऱ्याची त्या दिवशी जेवणाची सुट्टी गेली असणार. मला ही बाई तिथल्या तिथे आवडली. मग माझी नजर अठराव्या प्रश्नावर गेली. दुसऱ्या कुणी चालवली तर? उत्तर होतं, विमा त्याच क्षणी बंद, सगळा खर्च तुमचा. त्याखाली तिने स्वतः दोन रेघा ओढल्या होत्या. मी ते वाचलं हे तिने पाहिलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

मी टॉर्च आणि टेप घेऊन अंगणात गेले. गाडी धडकली तशीच उभी होती. दसऱ्याची गॅरेजं बंद, आणि पूजेलाच असं झाल्यावर तिच्यात बसायचं धाडस कुणी केलं नव्हतं. पुढचा बंपर फुटलेला, डावा दिवा गेलेला, बॉनेट दुमडलेलं, रेडिएटरचं पाणी वाहून सुकलेलं. खांबाच्या डोक्यावरचा दगड खाली पडला होता. फरशीवर चार लिंबं वाळून चिकटली होती. मी वाकून पाहिलं. चाकाच्या खुणा चारही लिंबांच्या अगदी मधोमध गेल्या होत्या, एकही लिंबू बाजूला निसटलं नव्हतं. पुढच्या लिंबांपासून खांब आठ फूट. नुसती सोडलेली गाडी आठ फुटांत एवढी आपटत नाही. कुणीतरी रेस दिली होती आणि ब्रेक मात्र दाबला नव्हता. लिंबांवरून इतकी नेमकी गाडी नेणाऱ्या माणसाने असं का करावं?

दार उघडलं तर सीट पार मागे सरकवलेली. मी चंदनाला बोलावून बसायला सांगितलं. ती बसली. तिचे पाय ब्रेकपासून चांगले वीतभर अलीकडे लोंबत राहिले.

रम्या घाईने म्हणाली, सीट नंतर कुणीतरी मागे केली असेल. मी विचारलं, नंतर गाडीत कोण बसलं होतं? चंदना तशीच बसून होती, कान लाल झालेले. मला स्वतःची लाज वाटली. परक्या देशात आलेल्या बाईला मी शाळेतल्या मुलीसारखं उघडं पाडलं होतं. नुसतं विचारूनही चाललं असतं. पण माझं असंच होतं, एकदा कुतूहल चढलं की समोर माणूस आहे हे मागाहून आठवतं.

ती उतरल्यावर मी टॉर्च खाली मारला. ही गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. पायाशी दोनच पेडल, ब्रेक आणि रेस, आणि दोन्ही उजव्या पायाने दाबायची. डाव्या पायाला काही काम नाही, तो टेकवायला कडेला एक रबरी पट्टी असते, एवढंच. त्या पट्टीवर रांगोळीचा पांढरा ठसा होता. अनवाणी डावं पाऊल, पाचही बोटं स्पष्ट. मी टेप लावला, साडेदहा इंच. रांगोळी रबराच्या खाचांत घुसली होती, म्हणजे पाय नुसता टेकलेला नव्हता, सगळा जोर लावून दाबलेला होता. जिथे दाबण्यासारखं काहीच नाही तिथे एखादा माणूस एवढ्या जोराने पाय का दाबेल, हा विचार करत मी तिथेच उकिडवी बसले होते.

पायऱ्यांवर कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं. वर पाहिलं तर पंचाहत्तरीच्या आसपासचे एक उंच गृहस्थ, पांढरा सदरा, अनवाणी. माझी नजर आधी त्यांच्या पायांकडे गेली.

रम्या पुढे झाली. “मामंजी, तुम्ही आत बसा.”

“गाडी मी घेतली होती, अम्मा,” ते मला म्हणाले. “विठोजी माझं नाव. ही पोरगी उगाच माझं पाप डोक्यावर घेते आहे.”

मग मात्र रम्या खरं बोलू लागली, अडखळत, मागेपुढे होत. सासरे सरकारी बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांत त्यांच्या बसला ओरखडा नाही. त्यामुळे सगळ्या गल्लीची श्रद्धा अशी की त्यांना हातगुण आहे. कुणी नवी गाडी घेतली की लिंबावरून ती त्यांनीच घ्यायची, आणि खंडेनवमीला तर लोक रांग लावायचे. मागच्या वर्षी एकोणीस गाड्या झाल्या. एरवी त्यांना आता कुणी चाकाला हात लावू देत नाही. दोन वर्षांपूर्वी लायसन संपलं, नव्या लायसनसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि डोळे तपासून घ्या म्हटलं की ते विषय बदलतात. वर्षातला तो एक दिवस तेवढा त्यांचा उरला होता.

मी विचारलं, पण करारात स्पष्ट लिहिलंय ना, दुसऱ्याने चालवायची नाही?

“चालवायची कुठे होती?” रम्या म्हणाली. “नुसती लिंबावरून घ्यायची होती.”

ती सबब सांगत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. आणि मी तरी तिला काय बोलणार? माझ्या सासऱ्यांनी शेवटच्या वर्षी काठी भिंतीला टेकवून आमची गाडी अशीच लिंबावरून घेतली होती आणि मी, विम्यावर पोट भरणारी बाई, बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होते. लायसन, करार, विमा, यांतलं काही त्या चार फुटांना लागू होतं असं आमच्या घरांत कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

खांबाला धडकल्यावर मात्र सगळ्यांना सगळं आठवलं. चंदना स्वतःच म्हणाली होती की मी चालवत होते असं सांगते. तिच्या नावावर गेलं तर विमा चालणार होता, करारातल्या तिच्या वाट्याच्या पाच हजारांत भागणार होतं. पण तिला त्याहून जास्त काळजी होती ती विठोजीअण्णांची, कारण धडकल्यावर ते स्टिअरिंग धरून बराच वेळ तसेच बसून राहिले होते. गल्लीत कुणाला कळू नये असं घरात ठरलं. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

“नजर गेली माझी,” अण्णा मला म्हणाले. “आणि पायही ऐकत नाहीत. समोरच्या बसवंतची नवी रिक्षा येणार आहे पुढच्या आठवड्यात. त्याला मी कालच सांगितलं, दुसरा कुणी बघ.”

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, पण सांगताना ते पडलेल्या दगडाकडे बघत होते. मला वाईट वाटलं. तरीही तो ठसा माझ्या डोक्यातून जात नव्हता.

“अण्णा, गाडी घेताना डावा पाय कुठे होता?”

“क्लचवर. आणखी कुठे असणार?”

“पूर्ण दाबलेला?”

“अख्खा. ब्रेक सोडला, क्लच दाबून ठेवला आणि स्वल्प रेस दिली, बसला देतो तशी. तर गाडी एकदम सुटली. मी क्लच आणखी दाबला, तरी थांबेना. ब्रेकवर पाय नेईपर्यंत खांब आला.”

मी चंदनाकडून किल्ली मागून माझ्या खिशात टाकली आणि त्यांना म्हटलं, बसा, क्लच कुठे आहे ते दाखवा. रम्या नको नको म्हणत होती. ते बसले. डावा पाय सरळ गेला आणि त्या रांगोळीच्या ठशावर बरोबर बसला. त्यांनी दाबला. मग खाली पाहिलं. मग वाकले आणि हाताने चाचपलं, पट्टीच्या वर, खाली, बाजूला.

“इथं काहीच नाही,” ते म्हणाले.

रम्या म्हणाली, या गाडीला क्लच नसतोच, मामंजी. बाजूच्या सीटवर बसून गिअरची दांडी तिनेच पुढे टाकली होती, ब्रेक दाबा एवढं तिनेच सांगितलं होतं. बाकीचं सांगावं हे तिला सुचलंच नाही. त्या घरात विठोजीअण्णांना गाडी कशी चालवायची ते सांगणार कोण? चंदनालाही वाटलं होतं की एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला आपण काय शिकवायचं. आणि अण्णांनी विचारलं नाही, कारण गाडी म्हटली की क्लच असणारच. तिघांनीही एकमेकांचा मान राखला आणि गाडी खांबावर गेली.

अण्णा तसेच बसून होते, हात अजून त्या रबरावर. त्यांचे डोळे भरून आले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण माझ्या हातात रिपोर्टचा कागद होता.

रम्याने मला बाजूला घेतलं. आता कळलं ना कसं झालं ते, मग कागदावर चंदनाचंच नाव राहू द्या, कुणाचं काय बिघडतं? खरं सांगते, माझंही मन डळमळलं. घर आमच्यातलं, पाहुणी सज्जन, आणि पैसे जाणार ते कंपनीचे. पण चंदना घरी अकरा वर्षं ऑटोमॅटिकच चालवते. तिचं नाव लिहिलं तर ते डावं पाऊल रिपोर्टमध्ये कुठेच बसत नव्हतं. पाऊल काढून टाकलं की उरणार होता तो नुसता एक अपघात, आणि या घरात सगळ्यांनी मनातल्या मनात धरून ठेवलेला एक नजर गेलेला म्हातारा. मी तिला म्हटलं, मला खोटं लिहिता येणार नाही. बोलणं जरा तुसडंच झालं, पण गोड बोलायला गेले असते तर माझ्याच्याने नकार देववला नसता.

अण्णांनी ते ऐकलं. गाडीतून उतरत ते म्हणाले, “माझंच नाव लिहा. आणि क्लच नव्हता तेही लिहा.”

रम्या खर्चाचं बोलू लागली तेव्हा त्यांनी हातानेच तिला थांबवलं. खर्च मी देईन म्हणाले. चंदना म्हणाली, किल्ली मी दिली, मी देणार. अठरावा प्रश्न तिने विचारला होता आणि उत्तर ठाऊक असूनही दिली होती. त्यांची बराच वेळ वादावादी झाली, अर्धी अण्णांच्या कन्नडमिश्र मराठीत, अर्धी तिच्या त्या निवडक मराठीत, आणि शेवटी निम्मंनिम्मं ठरलं. मी त्यात पडले नाही. मी गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहीत होते.

लिहून झाल्यावर अण्णांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. चालकाने सवयीप्रमाणे क्लचच्या जागी डावा पाय दाबून ठेवला व रेस दिली. वाहनास क्लच नाही, याची त्यास कल्पना नव्हती व ती कोणी दिली नाही. चाकं चारही लिंबांवरून मध्यभागी गेली आहेत.

“पुन्हा वाचा,” ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. ते पायरीवर बसून ऐकत होते.

मग त्यांनी मला विचारलं की एवढंच कारण होतं, की नजरही गेलीय? मी म्हटलं, अण्णा, ते मला सांगता येणार नाही, मी गाड्या तपासते, माणसं नाही. दोन वर्षं त्यांनी जी गोष्ट टाळली तीच मी त्यांच्या पुढ्यात ठेवली होती. खोट्या नावाआड हा प्रश्न त्यांना कधीच विचारावा लागला नसता, नजर गेली म्हणत घरच्यांनी हळूहळू मान डोलावली असती आणि झालं असतं. त्यांनी रम्याला विचारलं, तो डोळ्यांचा डॉक्टर किती वाजता बसतो? ती म्हणाली, सकाळी दहाला.

“उद्या जाऊ,” ते म्हणाले. “काय निघेल ते निघेल.”

सहीच्या आधी चालकाची माहिती भरायची राहिली होती. नाव, वडिलांचं नाव, वय चौऱ्याहत्तर. लायसनचा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला आणि ते कोणत्या तारखेला संपलं तेही लपवलं नाही. पुढचा रकाना व्यवसायाचा होता. मी विचारायच्या आत रम्या मागून म्हणाली, निवृत्त.

अण्णांनी माझ्या पेनाकडे पाहिलं.

“उद्या डॉक्टर काय म्हणतो ते बघू,” ते म्हणाले. “आज ड्रायव्हर लिहा.”

मी लिहिलं.